नवीन सुपरवायझर झालात? वाईट बातमी आधी तुमच्याकडे आली पाहिजे

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीचं प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याचे पार्ट ठोकून काढायचा सेक्शन, सांभाळते मी. आधी सात वर्षं क्वालिटीत होते, मग सेक्शन हातात आला. आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन जणांना सुपरवायझर करतात, कोणी जुना ऑपरेटर असतो, कोणी डिप्लोमा झालेला ट्रेनी असतो, एक दिवस ट्रेनिंग देतात, लीडरशिपच्या स्लाईड दाखवतात आणि सोमवारपासून पंधरा माणसं हातात देतात. त्या पंधरा माणसांशी बोलायचं कसं हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय, नवीन लागलेल्यांसाठी, माझं जे चुकलं आणि त्यातून जे जमलं ते.

सेक्शन मिळून तीन महिने झाले होते. फर्स्ट शिफ्ट होती. एका ब्रॅकेटच्या डायचा, म्हणजे साच्याचा, भोक पाडणारा पंच थोडा तुटला आणि भोकाला बर, म्हणजे कडेला धारदार किनार, यायला लागला. प्रेसवर जे मामा होते, दिंडोरीकडचे, वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडेसेच लहान, त्यांना ते साडेसातलाच दिसलं होतं. त्यांनी दहा-वीस पीस हाताने फाईल मारून साफ केले, मग तेही सोडून दिलं, मशीन चालूच ठेवली. मला कळलं दुपारी अडीचला, तोपर्यंत १४०० पीस निघाले होते आणि त्यातले अर्धे वेल्डिंगला गेले होते. मी त्यांना विचारलं सकाळीच का नाही सांगितलं, तर खाली मान घालून उभे राहिले. दोन दिवसांनी गेटबाहेर चहाच्या टपरीवर ते स्वतःहून बोलले, "ताई, मागच्या गुरुवारी मी मशीन बंद केली तर तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या ना, म्हणून म्हटलं जाऊ द्या, चालू ठेवू."

त्या गुरुवारचं मला आठवतही नव्हतं, त्यांना शब्द न शब्द आठवत होता. १४०० पीस त्या गुरुवारी खराब झाले होते, प्रेसवर ते नंतर आले एवढंच. तेव्हापासून मी सुपरवायझरचं काम एकाच गोष्टीवर मोजते, की वाईट बातमी माझ्यापर्यंत किती मिनिटात पोचते. टार्गेट, रिजेक्शन, डिस्पॅच सगळं त्याच्या मागून येतं.

तोंडातून पहिलं वाक्य कुठलं निघतं

कोणी येऊन म्हणालं की मॅडम पीस खराब येतायत, तर आपल्या तोंडात पहिलं काय येतं, "कोणी केलं हे?" हे वाक्य गिळायचं. खरंच प्रॅक्टिस करावी लागते, मी घरून येताना पाथर्डी फाट्यापर्यंत गाडीवर मनात म्हणत यायचे. त्याच्या जागी "बरं झालं लगेच सांगितलं" एवढंच. मग विचारायचं मशीन आत्ता बंद आहे ना, मग शेवटचा चांगला पीस कधी तपासला होता, मग त्यानंतरचा सगळा माल लाल बिनमध्ये, होल्ड एरियात, टॅग लावून. इथपर्यंत माणसाचं नाव यायची गरजच नसते. कारण शोधायचं ते यानंतर, माल अडवल्यावर, डोकं शांत असताना.

कारण शोधताना अजून एक गडबड होते. टोयोटाची पाच वेळा "का" विचारायची पद्धत सगळ्या ऑटोवाल्या कंपन्यांत शिकवतात, टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या नावाने ती ओळखली जाते, पद्धत चांगलीच आहे. पण मराठीत "तुम्ही गेज (माप तपासायचं साधन) का नाही लावला?" हा प्रश्न राहतच नाही, ती खरडपट्टी होते, आणि समोरचा माणूस उत्तर द्यायच्या ऐवजी स्वतःला वाचवायला लागतो. "गेज लावायचा राहिला तो कशामुळे?" असं विचारून बघा. मला उत्तर मिळालं होतं की दोन लाईनींना मिळून गेज एकच आहे आणि तो शेजारच्या लाईनवर होता. सहा महिने आम्ही ऑपरेटरला दोष देत होतो आणि प्रॉब्लेम एका गेजचा होता. "का" च्या जागी "कशामुळे", "कोणी" च्या जागी "कुठे आणि कधी", एवढा बदल करा, लगेच फरक दिसतो.

ट्रेनिंगमध्ये ते एक सांगतात ना की बोलण्यात शब्दांना सातच टक्के महत्त्व, बाकी आवाज आणि हावभाव, ते मनावर घेऊ नका. ते आकडे आले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून, आणि त्यात एकेकटे शब्द ऐकवून, चेहरे दाखवून बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला लावलं होतं. कामाच्या सूचनेशी त्याचा काही संबंध नाही. शॉप फ्लोअरवर शब्दच लागतात, आणि तेही अचूक.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन म्हणून प्राध्यापिका आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषध देताना होणाऱ्या चुकांचा. अंदाज असा होता की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, आणि निघालं उलटंच, चांगल्या टीमच्या नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. त्या जास्त चुका करत होत्या म्हणून नाही, तर त्या चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या म्हणून. हे वाचल्यापासून माझ्या रिजेक्शन रजिस्टरमध्ये एखाद्या शिफ्टला सलग आठ दिवस शून्य दिसलं की मी खूश होत नाही, आधी त्या शिफ्टला जाऊन उभी राहते.

तू की तुम्ही

हा विषय कुठल्याच ट्रेनिंगमध्ये येत नाही कारण स्लाईड इंग्रजीतून आलेल्या असतात, आणि इंग्रजीत ही अडचणच नाही. पण आपल्याकडे बावीस-तेवीस वर्षांचा डिप्लोमावाला पोरगा पन्नाशीच्या फिटरला "ए, तू इकडे ये" म्हणाला की तिथेच काम संपलं, तो फिटर पुढची दोन वर्षं त्याला फक्त विचारलं तेवढंच सांगतो. माझा नियम साधा आहे, सगळ्यांना तुम्ही, अगदी आयटीआयतून काल आलेल्या अप्रेंटिसला पण. कोणी स्वतःहून म्हणालं की ताई मला तू म्हणा, तर म्हणायचं, पण मग सगळ्यांसमोर आणि रागात असतानाही तेच. गोड असताना तुम्ही आणि चिडलं की तू, हे सगळ्यात वाईट, कारण माणसाला कळतं की मान तोंडदेखला होता.

मामा, काका, दादा, ताई म्हणायला काहीच हरकत नाही, आपल्याकडे ते चालतंच, पण नाव माहीत असू द्या. हेल्पर बदलत राहतात, कंत्राटी पोरं तीन महिन्यांनी जातात, म्हणून आपण "ए ब्लू शर्ट" वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी चेकलिस्ट आणली, त्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम सांगितलंय का हे तपासायचं असतं, अनोळखी माणसं एकत्र काम करतायत तर अडचण दिसल्यावर तोंड उघडावं म्हणून. मी तेच उचललं. नवीन माणूस लाईनवर आला की सकाळच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये तो नाव, गाव आणि आज कुठल्या मशीनवर आहे हे सांगतो. सुरगाण्याचं पोरगं पहिल्या दिवशी पुटपुटतं, चौथ्या दिवशी मोठ्याने बोलतं.

भाषेचं पण लक्षात ठेवा. आमच्या एका लाईनवर सटाणा-मालेगावकडचे अहिराणी बोलणारे आहेत, पेठ-सुरगाण्याचे आहेत, बिहार आणि यूपीचे आहेत. मीटिंग मराठीत घ्या, पण सेफ्टीची सूचना हिंदीत परत सांगा, दरवेळी, कंटाळा आला तरी. आणि मराठी पोरांनी हिंदीवाल्यांची टिंगल केली तर तिथल्या तिथे थांबवा, ज्याची टिंगल होते तो माणूस पुढच्या वेळी पंच तुटल्याचं सांगायला येत नाही.

"समजलं का?" हा प्रश्न बंद करा

याचं उत्तर कायम "हो" असतं. प्रेस शॉपमध्ये तर कानात प्लग, शेजारी ठोके पडतायत, अर्धं ऐकूच येत नाही, तरी मान हलते. त्याच्या जागी म्हणा, "आता मला सांगा बरं, पहिलं काय करणार?" आणि तो सांगेपर्यंत थांबा. सुरुवातीला लोकांना वाटतं ही परीक्षा घेतेय, म्हणून मी म्हणते "मी नीट सांगितलं का ते बघतेय", आणि ते खरंच असतं, कारण दहातल्या दोन-तीन वेळा माझ्याच सांगण्यात गोंधळ निघतो.

विमानवाल्यांकडे ही सवय सक्तीची आहे, कंट्रोल टॉवरने सांगितलेलं पायलट परत बोलून दाखवतो. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाचा कॅप्टन खूप सीनियर होता, त्याने टेकऑफची परवानगी मिळायच्या आधीच विमान टेकऑफसाठी पळवायला सुरुवात केली. त्याच्याच कॉकपिटमधल्या फ्लाईट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे, त्याने विचारलंही, कॅप्टनने ठामपणे उडवून लावलं आणि तो गप्प बसला. त्यानंतर नियम असा झाला की "टेकऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही. मी हे नवीन पोरांना सांगते तेव्हा एकच गोष्ट विचारते, त्या इंजिनिअरच्या जागी तुम्ही असता तर दुसऱ्यांदा विचारलं असतं का? आणि तुमच्या लाईनवरचा हेल्पर तुम्हाला दुसऱ्यांदा विचारेल का?

शब्द ठरवून घेणं आपल्याकडेही लागतं. आमच्या सेक्शनमध्ये चार शब्दांवर बंदी आहे, "होऊन जाईल", "बघतो", "झालंच आहे" आणि "आत्ता देतो". होऊन जाईल म्हणजे कधी, किती, कोण करणार? मी स्वतः वर सांगताना हेच बोलायचे. प्लांट हेड विचारायचे संध्याकाळपर्यंत ६०० होतील ना, मी म्हणायचे होऊन जाईल सर, आणि सहा वाजता ४०० वर तोंड लपवायची वेळ यायची, ट्रक उभा. आता सकाळीच सांगते, "सर, ४०० नक्की, सेटर (मशीनवर डाय बसवणारा) दुपारपर्यंत मिळाला तर ५००, ६०० होणार नाहीत." पहिल्या दोन वेळा बोलणी खाल्ली. तिसऱ्या वेळी त्यांनी कस्टमरला आधीच फोन करून ठेवला होता. वरच्याला नाही म्हणायचं असेल तर आकडा, कारण आणि काय मिळालं तर जमेल, या तीन गोष्टी एका दमात सांगा, आणि सकाळी सांगा. तुम्ही वर खरं बोलताना खालची माणसं बघत असतात हेही खरं, मामांनी मला हे नंतर बोलून दाखवलं होतं.

शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं

इथे सगळ्यात जास्त माहिती सांडते. फर्स्टवाल्याला बस पकडायची असते, सेकंडवाला अजून कार्ड पंच करतोय, आणि निरोप जातो "सगळं ओके आहे." ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, काम संध्याकाळी अर्धवट राहिलं, उघड्या तोंडावर तात्पुरती झाकणी लावली होती, आणि हे रात्रीच्या शिफ्टला नीट पोचलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून रात्री त्यांनी तोच पंप चालू केला. गॅस गळला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली.

आपण तेल काढत नाही, पण प्रेसचं सेफ्टी सेन्सर बायपास करून ठेवलेलं पुढच्या शिफ्टला माहीत नसेल तर कोणाची तरी बोटं जाऊ शकतात. म्हणून निरोप मशीनजवळ उभं राहून द्यायचा, ऑफिसात किंवा गेटवर नाही. अर्धवट काय आहे, वेगळं काय केलंय, कशावर लक्ष ठेवायचं, एवढं तोंडी सांगायचं, लॉगबुकात लिहायचं आणि घेणाऱ्याने सही करायची. "ओके" हा शब्द लॉगबुकात चालणार नाही. दहा मिनिटं लागतात, त्यासाठी मी एचआरशी भांडून बसची वेळ दहा मिनिटं पुढे करून घेतली, नाहीतर कितीही सांगा, घरी जायची घाई असलेला माणूस थांबत नाही, आणि त्याची चूकही नाही त्यात.

ग्रुपवर निरोप टाकला म्हणजे शिफ्ट हँडओव्हर झाला असं समजू नका. व्हॉट्सॲप ग्रुप फोटो टाकायला चांगला, खराब पीसचा, तुटलेल्या टूलचा. घाईचं असेल तर फोन. आणि ग्रुपवर कोणालाच झापायचं नाही, कधीच नाही, ते स्क्रीनशॉट होऊन त्याच्या गावापर्यंत जातं. ज्याला बोलायचंय त्याला बाजूला घ्या, उभ्याउभ्या नाही, बसून, आणि झालेल्या एकाच गोष्टीबद्दल बोला, मागची तीन वर्षं काढू नका. कौतुक मात्र सगळ्यांसमोर, आणि नुसतं शाब्बास नाही, "काल रात्री तुम्ही आवाज बदललेला ओळखून मशीन थांबवली म्हणून डाय वाचली" असं, नेमकं.

एक गोष्ट वेगळी सांगते, ती ऐकून घेऊन मिटवायची नसते. लाईनवरच्या एखाद्या मुलीने येऊन सांगितलं की अमका त्रास देतोय, अंगचटीला येतोय, तर समजावतो त्याला, बघते मी, असं म्हणून विषय तुमच्याकडे ठेवू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. तुमचं काम म्हणजे तिचं नीट ऐकणं, तिला हे सांगणं, तिला हवं असेल तर लिहायला मदत करणं, आणि बाहेर एक शब्द न बोलणं.

रजा

नवीन सुपरवायझर सगळ्यात जास्त भांडतो ते रजेवरून, आणि नाशिकमध्ये तर अर्धी लाईन शेतकरी असते. निफाड-दिंडोरीवाल्यांना ऑक्टोबर छाटणी असते, मग फेब्रुवारी-मार्चला द्राक्ष काढणी, कांदेवाल्यांचं वेगळंच. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाणारे असतात, चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणारे असतात, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारायची म्हणून जुन्या नाशकातली पोरं येतच नाहीत. हे दरवर्षी ठरलेलं आहे, तरी आपण दरवर्षी आदल्या दिवशी चकित होतो, आणि माणूस "आजी वारली" सांगतो कारण खरं सांगितलं तर रजा मिळणार नाही हे त्याला माहीत असतं.

मी काय केलं, वर्षाचा एक मोठा कागद कॅन्टीनच्या भिंतीवर लावला, महिन्यांच्या रकान्यांचा, आणि सांगितलं की दोन महिने आधी पेनाने नाव लिहा, एका आठवड्याला एका लाईनची तीनच नावं, चौथ्याने आपसात बोलून बदलून घ्यायचं, मी मध्ये पडणार नाही. पहिले सहा महिने कोणी लिहिलं नाही, त्यांना वाटलं लिहिलं की नाकारायला सोपं जाईल. मग दोघांनी लिहिलं, दोघांना मिळाली, आणि कागद भरायला लागला. आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा पण त्याच कागदावर टाकायचाय, २०१५ ला पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी गाड्या शहराबाहेरच थांबवत होते आणि पंचवटीतली माणसं कामावर पोचली नव्हती, त्यामुळे कोण कुठून येतं आणि त्या दिवशी कोणाला कुठली शिफ्ट द्यायची हे आत्ताच बोलायला घेतलंय.

परवा बघितलं तर ऑक्टोबरच्या रकान्यात पहिलं नाव मामांचं होतं. तारखा लिहिल्या होत्या, पुढे "छाटणी" लिहिलं होतं, आणि खाली त्यांच्याच अक्षरात, प्रेसवर त्यांच्या जागी कोण उभं राहील त्याचं नाव.